पिल्लाला गाडी लागते: आधी मळमळ थांबवा, सवय नंतर लावा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल काय चाललंय. चिंगी, साडेचार महिन्यांची लॅब (लॅब्रॅडोर), कोथरूडला राहते, घरात छोटी हॅचबॅक आहे. गाडी निघाली की पाच मिनिटांत लाळ गळायला लागते आणि वारजे येईपर्यंत उलटी. आता तर नुसत्या किल्ल्या वाजल्या तरी सोफ्याखाली जाऊन बसते. दीड महिन्याने गणपतीला दापोलीला जायचंय, घरचा गणपती आहे त्यामुळे जाणं टळणार नाही. शेजारच्या काकांनी सांगितलं अर्धी अ‍ॅव्होमिन द्या, ब्रीडर म्हणाला आदल्या दिवशीपासून उपाशी ठेवा, आणि कुणीतरी सांगितलं की रोज गाडीत फिरवत राहा, उलट्या करून करून आपोआप सवय होते. यातलं नेमकं काय करायचं?

मी व्हेट, म्हणजे प्राण्यांची डॉक्टर आहे आणि प्रॅक्टिसमधला माझा बराचसा वेळ पिल्लांच्या वागण्याच्या प्रश्नांतच जातो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो, पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आधी तर फारच. तिन्ही सल्ल्यांपैकी एकही जसाच्या तसा पाळू नका, आणि तिसरा तर अजिबातच नको. गाडी लागणाऱ्या पिल्लाला रोज गाडीत घालून रोज उलटी करायला लावली तर त्याला सवय होते ती गाडीला घाबरायची. चिंगी किल्ल्यांचा आवाज ऐकून पळते ती त्यामुळेच.

म्हणजे चिंगीला आत्ता दोन वेगवेगळे त्रास आहेत. पहिला शरीराचा, गाडी हलली की मळमळतं. दुसरा मनातला, गाडी म्हणजे मळमळ हे तिने पक्कं लक्षात ठेवलंय. लोक दोन्हीवर एकच उपाय करतात, ट्रीट देऊन देऊन गाडीत बसवतात, आणि मग विचारतात फरक का पडत नाही. मळमळ चालू असताना कितीही प्रेमाने शिकवलं तरी ते डोक्यात जात नाही. आधी मळमळ थांबवायची आणि ती थांबलेली असतानाच गाडीची नवी ओळख करून द्यायची. माझं सगळं सांगणं या क्रमाभोवतीच आहे.

मळमळ येते कुठून ते आधी सांगते. कानाच्या आत खोलवर तोल सांभाळणारा एक भाग असतो, त्यात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यातलं द्रव डोकं हललं की हलतं. गाडी वळते, ब्रेक लागतो, हा भाग मेंदूला सांगतो की आपण हलतोय, पण पिल्लाच्या डोळ्यासमोर सीटची पाठ असते आणि ती तर जागची हलत नाही. हा मेळ बसला नाही की मेंदूतलं उलटीचं केंद्र जागं होतं. पोटाचा यात दोष नसतो, म्हणून पचनाची औषधं, दही, ताक यांचा इथे उपयोग नाही. १९५० च्या दशकात कुत्र्यांना झोपाळ्यावर बसवून प्रयोग केले होते, ज्यांच्या आतल्या कानाचा हा भाग काढलेला होता त्यांना झोपाळा लागलाच नाही. लहान पिल्लांमध्ये ही तोलाची यंत्रणा पूर्ण तयार झालेली नसते म्हणून मोठ्या कुत्र्यांपेक्षा पिल्लांना गाडी जास्त लागते, आणि बऱ्याच पिल्लांचा त्रास वर्षाचं होईपर्यंत कमी होतो किंवा जातो. 'मोठी झाली की जाईल' यात तथ्य आहे ते एवढंच. कान मोठा होतो हो, पण भीती वयाने जात नाही. दोन-तीन वर्षांचे कुत्रे येतात माझ्याकडे ज्यांना बहुधा आता गाडी लागतही नसावी, पण दार उघडलं की थरथर कापतात, कारण पहिल्या सहा महिन्यांत जे झालं ते कुणी पुसलंच नाही.

आता उलटी. घरच्यांच्या हिशोबात त्रास उलटीला सुरू होतो, खरं तर तोपर्यंत पिल्लू बराच वेळ आजारी असतं. पुढच्या वेळी गाडी चालवण्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या आणि तुम्ही फक्त चिंगीचं तोंड बघत बसा. आधी ती गप्प होईल, एरवी खिडकीकडे झेपावणारं पिल्लू एकदम शांत बसलं की घरच्यांना वाटतं वा, शहाणी झाली. मग जीभ पटकन बाहेर येऊन नाकावरून फिरून आत जाईल, परत, परत. घोट गिळल्यासारखा गळा हलेल. जांभया येतील, झोप आलेली नसताना. मग ओठाच्या कडेला ओलं दिसायला लागेल, लाळेची तार लोंबेल, पुढच्या पायांवर आणि छातीवर केस भिजतील. सगळ्यात शेवटी पाठ वाकवून पोट आत ओढायला लागेल, ते दोन-चार उमाळे आले की उलटी. तुम्ही थांबायचं ते जीभ नाकावर फिरायला लागली तेव्हा. लाळेची तार लोंबेपर्यंत वाट बघितली तर उशीर झाला, आणि पेपर हातात घेऊन उलटीची वाट बघणं म्हणजे तर फारच उशीर.

हे बघताना अजून एक गोष्ट नोंदवा, ही लक्षणं नेमकी कधी सुरू होतात. गाडी हलल्यावर पाच-सात मिनिटांनी सुरू होत असतील तर तो मुख्यतः कानाचा त्रास. इंजिन बंद असताना, पार्किंगमध्ये, नुसती आत ठेवल्या ठेवल्या लाळ गळत असेल तर ती आठवण आहे, तिथे कानाचा संबंध नाही कारण काही हललेलंच नाही. तुमच्या लिहिण्यावरून चिंगीचं दोन्ही आहे, म्हणजे हलल्यावर लाळ आणि किल्ल्या वाजल्यावर सोफा, पण बंद गाडीत ती काय करते ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते बघून तुमच्या व्हेटला सांगा, औषध ठरवताना त्यांना त्याचा फार उपयोग होतो. शक्य असेल तर मोबाईलवर व्हिडिओच काढून न्या.

औषधाचं आता. काकांची अ‍ॅव्होमिन नको. त्यात प्रोमेथाझिन हे अँटिहिस्टामिन गटातलं औषध आहे, माणसांना ती चालते, कुत्र्यांमध्ये मात्र या गटातल्या गोळ्यांनी मुख्यतः गुंगी येते आणि मळमळीवर भरवसा ठेवावा असा परिणाम मिळत नाही, शिवाय अर्धी गोळी हा हिशोब पिल्लाच्या वजनाला कुठे बसतो ते कुणीच बघत नाही. दुसरी गोळी जी प्रत्येक घरात असते ती ऑन्डान्सेट्रॉन, एमसेट म्हणून मिळते. पोटाच्या आजारातल्या उलटीवर ती छान काम करते, आम्हीही देतो, पण गाडी लागण्यावर तिचा उपयोग नाही कारण ती ज्या रस्त्याने काम करते तो या प्रकारच्या उलटीचा मुख्य रस्ता नाही. लोक देतात, उलटी होते, आणि मग 'औषधाने पण काही होत नाही' असं ठरवून टाकतात.

कुत्र्यांच्या उलट्यांसाठी मुद्दाम बनवलेलं आणि गाडी लागण्यावरही चालणारं औषध आहे ते मॅरोपिटंट. उलटीचा शेवटचा निरोप ज्या रसायनामार्फत पोचतो, सबस्टन्स पी, त्याचा मार्ग ते मेंदूत अडवतं. अमेरिकेत २००७ मध्ये कुत्र्यांसाठी मंजूर झालं आणि भारतातही मिळतं. गाडी लागण्यासाठी ते तिकडच्या लेबलप्रमाणे १६ आठवड्यांच्या पुढच्या पिल्लांना देतात, चिंगी त्यात बसते. पण एक महत्त्वाचं, गाडी लागण्यासाठीचा डोस साध्या उलटीच्या डोसच्या चौपट असतो, म्हणून आधीच्या आजारपणातली उरलेली गोळी अंदाजाने देऊन बघू नका, काम होणार नाही आणि तुम्हाला वाटेल औषध वाईट. वजन करून व्हेटकडून लिहूनच घ्या, यकृताचा काही त्रास असेल तर तोही त्यांना सांगा. प्रवासाच्या निदान दोन तास आधी गोळी द्यायची, बरोबर घासभर खाणं, कारण अगदी रिकाम्या पोटी दिली तर गोळीनेच उलटी होऊ शकते. पहाटे निघणार असाल तर आदल्या रात्री उशिरा दिली तरी चालते, परिणाम निदान १२ तास टिकतो. मात्र हेही व्हेटला विचारून ठरवा.

मॅरोपिटंटबद्दल एक गोष्ट लोकांना कुणी सांगत नाही. ते उलटी फार चांगली थांबवतं, मळमळ मात्र प्रत्येक पिल्लात पूर्ण थांबवतंच असं नाही. म्हणजे सीट स्वच्छ राहते, घरचे खूश होतात, आणि पिल्लू मागे बसून ओठ चाटतंय, लाळ गिळतंय. त्याला बोलता येत नाही म्हणून त्याचा त्रास कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून औषध देऊनही तोंड बघायचंच. लाळ चालू असेल तर व्हेटला परत सांगा, वेळ बदलून बघता येते, भीतीसाठी वेगळं औषध जोडता येतं. ते तुमच्या व्हेटवर सोडा. फक्त 'गुंगीचं इंजेक्शन द्या, झोपून जाईल' असं मागू नका. जुन्या पद्धतीचं अ‍ॅसेप्रोमाझिन दिलं की कुत्रा हलत नाही, पण भीती तशीच राहते, फक्त दाखवता येत नाही. बाहेरून शांत, आतून घाबरलेलं पिल्लू, आणि पुढच्या वेळी दुप्पट घाबरलेलं. पिल्लाला मी ते प्रवासासाठी देत नाही.

आलेपाक द्यावा का हे तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी सांगेलच. आल्याचा एखादा छोटा तुकडा विषारी नाही, पण आल्याच्या गोळ्या, शुगरफ्री चॉकलेट, कफाची सिरप यात झायलिटॉल असू शकतं आणि ते कुत्र्यांना जीवघेणं आहे, साखर झपाट्याने उतरते आणि यकृत जातं. त्यापेक्षा नकोच.

उपाशी ठेवण्याबद्दल. ब्रीडरचं अर्धं बरोबर आहे. भरलेल्या पोटी गाडीत नेऊ नका, शेवटचं मोठं जेवण निघण्याच्या तीन-चार तास आधी झालेलं असावं. पण आदल्या दिवशीपासून उपाशी नको. पूर्ण रिकाम्या पोटात पित्ताची पिवळी फेसाळ उलटी होते, आणि पॉमेरेनियन, चिवावा असली टीचभर पिल्लं तर साखर उतरून निपचित पडू शकतात, तीन महिन्यांच्या आतल्या कुठल्याही पिल्लाला लांब उपास हा धोकाच आहे. पाणी थांबवायचं नाही, एका वेळी पोटभर प्यायला मात्र देऊ नका.

आता गाडीत कुठे बसवायचं, कारण तुम्ही लिहिलंय की ती मागच्या सीटवर ताईंच्या मांडीवर असते. मांडी नको. एक तर अचानक ब्रेक लागला तर ती तशीच पुढे फेकली जाईल, आणि दुसरं म्हणजे मांडीवर ती प्रत्येक वळणाला डोलते, स्वतःचा तोल स्वतःला धरता येत नाही. पुढच्या सीटवर एअरबॅगमुळे नको. हॅचबॅकची डिकीही मला पटत नाही, मागच्या चाकांच्या मागे लोंबणारा भाग आहे तो, तिथे उसळी सगळ्यात जास्त. मधोमध, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, खाली, म्हणजे मागच्या सीटवर बेल्टने घट्ट बांधलेला क्रेट (कुत्र्याचा प्रवासी पिंजरा), आत उभं राहून वळता येईल एवढाच, तळाला न घसरणारी रबरी मॅट आणि वर जुनी चादर. क्रेट नसेल तर छातीचा हार्नेस सीटबेल्टला अडकवा, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही. आणि खिडकीचं म्हणाल तर बाजूच्या काचेतून झाडं, खांब सरकताना दिसतात ते मळमळ वाढवतं, समोर मोठ्या काचेतून रस्ता दिसला तर काही पिल्लांना बरं वाटतं. म्हणून क्रेटच्या दोन्ही बाजूंना पातळ ओढणी टाका, पुढची बाजू उघडी. काहींना सगळीकडून झाकलं तरच बरं वाटतं, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही, पण हवा खेळती राहिली पाहिजे.

माझ्याकडे एक बीगल होता, त्याला मागच्या सीटवर बसवलं की हमखास उलटी. त्याच्या घरच्यांनी एकदा गाडीतल्या सामानाच्या गर्दीमुळे त्याला पुढच्या सीटच्या मागे पायांच्या जागेत ठेवलं, खाली चादर घालून, दोन बॅगांच्या मधे अडकवून. त्या दिवशी उलटी नाही. जागा घट्ट होती, अंग डोलत नव्हतं, बाहेरचं काही दिसत नव्हतं. मग त्यांनी तेच पक्कं केलं, हार्नेससकट. तेव्हापासून औषधाच्या आधी मी जागेचं विचारते.

वास हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. डॅशबोर्डवरचं लिंबाचं किंवा चंदनाचं जेल, आरशाला लटकवलेला फ्रेशनर, निघताना लावलेली उदबत्ती, गजरा, आपल्याला छान वाटतं पण कुत्र्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहे, बंद गाडीत ते सगळं त्याच्या डोक्यात जातं. सगळं काढा. आणि आधीच्या उलट्यांचा वास काढायचा तर फिनेल नको, त्याचा स्वतःचाच वास उग्र आणि चाटलं तर विषारी. आधी घट्ट ते कागदाने उचला, मग खायचा सोडा टाकून काही तास ठेवून झाडा, किंवा पेट शॉपमध्ये एन्झाइमचा क्लीनर मिळतो तो वापरा. पावसात काचा बंद असतात तेव्हा एसी रीसर्क्युलेशनवर न ठेवता बाहेरची हवा आत येईल तसा ठेवा, गाडी आपल्याला किंचित गार वाटेल एवढी. शक्य तिथे काच दोन बोटं खाली. डोकं बाहेर नाही.

आणि चालवणाऱ्याने चालवायचं कसं. माणसांवरच्या अभ्यासात असं दिसलंय की सगळ्यात जास्त मळमळवतो तो संथ हेलकावा, पाच सेकंदांत साधारण एकदा खालीवर. खड्ड्यांचा खडखडाट त्रासदायक वाटतो पण गाडी लागते ती घाटातल्या लांब वळणांनी, सिग्नलला सोडत-धरत चालवलेल्या ब्रेकने आणि मऊ सस्पेन्शनच्या मोठ्या गाड्यांनी. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक नको, स्पीडब्रेकरला जवळजवळ थांबून घ्या. मागे कपात चहा ठेवलाय असं समजून चालवलं की बरोबर जमतं.

हे सगळं मळमळ थांबवण्याचं झालं. आता भीतीचं, आणि हे शांतपणे वाचा कारण इथे सगळे घाई करतात.

सुरुवात गाडीपासून नाही, किल्ल्यांपासून करा. दिवसातून काही वेळा किल्ल्या उचला, चिंगीकडे न बघता एक छोटा चिकनचा तुकडा टाका, किल्ल्या ठेवा, आपलं काम करा. कुठेही जायचं नाही. किल्ल्या वाजल्या की ती सोफ्याखाली जाण्याऐवजी तुमच्याकडे बघायला लागली की पार्किंगमध्ये जा. गाडी बंद, दोन्ही बाजूंची दारं उघडी, म्हणजे तिला दिसतं की आत अडकणार नाही. संध्याकाळच्या जेवणाची वाटी गाडीपासून ती आरामात येईल एवढ्या अंतरावर. रोज थोडी जवळ. मग दाराच्या उंबऱ्याशी, मग आतल्या सीटवर. ती स्वतःहून पुढचे पाय वर टाकेल, तेव्हा कमरेखाली हात देऊन वर घ्या, लॅबच्या या वयात उड्या मारायला लावू नका, सांध्यांसाठी वाईट. ढकलायचं नाही, ओढायचं नाही, कुठल्याच दिवशी. एक दिवस नाही आली तर नाही आली, वाटी घरी न्यायची.

आत बसून शांतपणे खायला लागली की एक दार बंद, मग दुसरं. मग तुम्ही पुढे बसा. मग इंजिन चालू, गाडी जागेवरच, कारण इंजिनची थरथर ही तिच्यासाठी वेगळी पायरी आहे, घरचे ही पायरी हमखास गाळतात. मग पार्किंगमध्येच गाडी एक लांबीभर पुढे आणि मागे. मग सोसायटीच्या गेटपर्यंत. मग एक चक्कर. प्रत्येक पायरीवर प्रश्न एकच, तोंड कोरडं आहे का आणि ट्रीट घेतेय का? एरवी चिकनवर तुटून पडणारी लॅब तुकडा तोंडाजवळ नेल्यावर मान फिरवत असेल तर ती तुम्हाला स्पष्ट नाही म्हणतेय, एक पायरी मागे.

खाण्याबाबत माझा एक कडक नियम आहे, ट्रीट फक्त थांबलेल्या गाडीत. मळमळ सुरू असताना खाल्लेल्या पदार्थाचा कुत्र्याला कायमचा वीट येऊ शकतो. घाटात चीज भरवलं, उलटी झाली, की गाडी तर नावडती होतेच वर चीजही जातं, आणि मग तुमच्या हातातलं सगळ्यात चांगलं बक्षीस गेलं. चालत्या गाडीत काही नाही. बक्षीस म्हणजे पोचल्यावरची मजा. म्हणून पहिल्या खऱ्या फेऱ्या दवाखान्याच्या नकोत. बऱ्याच पिल्लांची गाडीशी ओळख कशी होते बघा, आईपासून तोडून ब्रीडरकडून घरी, मग लस, मग लस, मग जंताचं औषध, मग परत लस. दोन मिनिटांवरचं मोकळं मैदान, एखादी शांत टेकडीची वाट, उतरवा, दहा-पंधरा मिनिटं वास घेऊ द्या, परत घरी. लसींचा कोर्स पूर्ण झालेला नसेल तर खाली सोडू नका, पार्वो (पिल्लांचा उलट्या-जुलाबाचा जीवघेणा आजार) अशाच जागी लागतो, कडेवर घेऊनच फिरवा.

याला किती दिवस लागतील असं प्रत्येकजण विचारतो. काही पिल्लं दोन-तीन आठवड्यांत गेटबाहेर जातात, काहींना महिने लागतात. पण त्या काळात एकही विनाऔषध, उलटीवाली फेरी व्हायला नको. दोन आठवड्यांची मेहनत एका वाईट फेरीत जाते, हे मी खूप वेळा बघितलंय. लस असेल तर रिक्षा वगैरे नको, ती अजून जास्त हलते, गोळी देऊन गाडीनेच न्या किंवा घरी येणारा व्हेट मिळाला तर उत्तम.

मग दापोलीचं काय. दीड महिन्यात ट्रेनिंग पूर्ण होईल या भरवशावर राहू नका. ट्रेनिंग वेगळं आणि दापोली वेगळी समजा. दापोलीला औषध देऊनच न्या, आणि ते औषध त्या दिवशी पहिल्यांदा देऊ नका. निदान दोन आठवडे आधी एका सुट्टीच्या दिवशी गोळी देऊन चांदणी चौकातून पिरंगुटपर्यंत जाऊन या, तोंड बघा, सुस्ती येते का बघा, म्हणजे बदल करायला वेळ राहतो. प्रवासाला पहाटे निघा, ऊन नाही, ट्रॅफिक नाही. ताम्हिणी लागायच्या आधी मुळशीच्या आसपास थांबून फिरवा, घाटात मधेच वळणावर थांबण्यापेक्षा तेच बरं. घाट संपला की माणगावच्या आधी परत थांबा. दार उघडायच्या आधी पट्टा हातात पाहिजे, घाबरलेलं पिल्लू दार उघडल्या उघडल्या हायवेवर पळतं, आणि ढाब्यावरचे कुत्रे असतातच. चार घोट पाणी, शू, पाच-दहा मिनिटं जमिनीवर स्वस्थ उभं राहणं. चहाला सगळे उतरलात तरी तिला गाडीत एकटं ठेवायचं नाही, काच खाली असली तरी गाडी आत फार लवकर तापते.

उलटी झालीच तर ओरडू नका, 'अरे देवा' म्हणून सगळ्यांनी एकदम गलकाही नको. जागा बघून गाडी बाजूला घ्या, पुसा, उतरवा, पुढे चला. दोन जुन्या चादरी, कागद, पाणी, प्लॅस्टिकच्या पिशव्या हाताशी ठेवा, डिकीत खाली नको.

कोकणात पावसाळ्यात जाताय तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस) लस झाली आहे का हेही याच भेटीत बघून घ्या, उंदराच्या मुताने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून ते येतं आणि पिल्लं डबक्यात तोंड घालतातच. गोचिडांचं औषधही त्याच वेळी विचारा.

आणि काही गोष्टींमध्ये हे सगळं बाजूला ठेवून आधी तपासणी करा. गाडीबाहेरही उलट्या होत असतील, जुलाब असतील, जेवण सोडलं असेल, तर ते गाडी लागणं नाही, पिल्लात पार्वो धरूनच चालायचं आणि त्याच दिवशी जायचं. मान एका बाजूला कलती राहते, डोळे आपोआप एका दिशेला झटके देतात, चालताना गोल फिरते, तर आतल्या कानाचा आजार असू शकतो. आणि लॅबचे ते पडलेले कान, पुण्याचा दमट पावसाळा, कानात यीस्ट (एक प्रकारची बुरशी) झालेलं मी रोज बघते. डोकं झटकते का, कानाला आंबूस वास येतो का, आत तपकिरी मळ आहे का ते बघा. दुखऱ्या कानाने गाडी अजून लागू शकते. कान साफ करायला घरी कापसाची काडी आत घालू नका, व्हेटकडे दाखवा.

परत आल्यावर दोन-तीन दिवस गाडीचं नाव नको. मग बंद गाडी, उघडी दारं आणि जेवणाची वाटी, जिथे सोडलं होतं त्याच्या एक पायरी मागून सुरू करा. सात-आठ महिन्यांची झाली की गोळीशिवाय एक अगदी छोटी, सरळ रस्त्याची फेरी करून बघा. तोंड कोरडं राहिलं तर पुढच्या आठवड्यात थोडी मोठी, नाही राहिलं तर अजून महिनाभर गोळी चालू ठेवून नंतर परत बघायचं.